गोळ्यांच्या बाटलीचं हुशार झाकण: एका एआरटी सिस्टरचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते. वस्तू चांगली आहे, दणकट आहे, पण जे सांगून ती विकली जाते ते काम तिला येत नाही. बाटली किती वाजता उघडली हे ती चोख टिपते. गोळी पोटात गेली का, हे तिला कळत नाही. आणि नाही गेली तर का नाही गेली, हे विचारायची सोयच तिच्यात नाही. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक निव्वळ बॅटरीला.

मी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या पेशंटना विषाणू दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रात, सिस्टर आहे. गोळ्या द्यायच्या, उरलेल्या मोजून घ्यायच्या, रक्त तपासायला पाठवायचं आणि हे सगळं करता करता माणसांशी बोलायचं, असा माझा दिवस जातो. ही इलेक्ट्रॉनिक झाकणं आमच्याकडे वापरून बघायला आली तेव्हा आपोआपच माझ्या गळ्यात पडली, कारण बाटल्या माझ्याच टेबलावरून जातात. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशी झाकणं करणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत आणि मूळ कल्पना सगळ्यांची एकच आहे. शिवाय मला जे बोलायचंय ते झाकणापेक्षा, त्याची नोंद वाचणाऱ्या आम्हा लोकांबद्दल जास्त आहे.

आधी वस्तूबद्दल. बाटली साधी पांढरी. झाकण नेहमीपेक्षा जाड, आत चिप आणि सीलबंद बॅटरी. झाकण काढलं की तारीख आणि वेळ नोंदली जाते. पेशंट गोळ्या न्यायला आला की झाकण एका छोट्या रीडरवर ठेवायचं, लगेच कॉम्प्युटरवर महिन्याचं कॅलेंडर येतं. वेळेत उघडलं तर चौकोन हिरवा, उशिरा उघडलं तर पिवळा, उघडलंच नाही तर लाल. वर कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत टक्केवारी. बॅटरीने आजवर कधी दगा दिलेला नाही. एक झाकण पाण्याच्या बादलीत पडलं होतं, तेही सुकल्यावर नीट चाललं.

तक्रारी अशा. लहान मुलांनी उघडू नये म्हणून झाकण दाबून फिरवावं लागतं. जुन्या औषधांमुळे ज्यांच्या बोटांना मुंग्या येतात किंवा हातात जोरच राहिलेला नाही, त्यांचे हाल होतात. एक आजी बाटली माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "सिस्टर, हे उघडायला बरोबर माणूस पण देता का?" दुसरं म्हणजे, बाटलीत महिन्याच्याच गोळ्या मावतात. तब्येत स्थिर असलेल्यांना तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायच्या, असा आता जगभर कल आहे. म्हणजे ज्याला वर्षातून दोन-चार खेपांत मोकळं करता येईल, त्याला या झाकणापायी दर महिन्याला यावं लागतं. तिसरं, मूळ बाटलीतल्या गोळ्या यात ओतताना ओल शोषणारी पुडी बरोबर टाकायला लोक विसरतात. ती आठवणीने बाटलीत घालाच. चौथी तक्रार खडखडाटाची. महिना सरतो तशा गोळ्या थोड्या उरतात, मग बाटली पिशवीत हलली की वाजते. ज्याला आपला आजार कुणाला कळू द्यायचा नाही, त्याला बसमध्ये हा आवाज किती मोठा वाटतो हे आम्हाला टेबलामागे बसून समजत नाही. एकीने आत कापूस भरला होता. चांगला उपाय आहे, मी आता सगळ्यांनाच सुचवते.

हा खटाटोप कशासाठी, ते थोडक्यात. २००० साली 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एक अमेरिकन अभ्यास छापून आला. त्यात ८१ पेशंटच्या गोळ्यांच्या बाटल्यांना अशीच झाकणं होती. ज्यांनी ९५ टक्के किंवा त्याहून जास्त डोस घेतले, त्यांच्यातल्या २२ टक्के लोकांत औषध विषाणूला दाबू शकलं नाही. ८० ते ९५च्या मधल्यांत हे प्रमाण ६१ टक्के होतं, आणि ८०च्या खालच्यांत ८० टक्के. एआरटीवाल्या प्रत्येकाला पाठ असलेला '९५ टक्के' हा आकडा तिथूनच आला आणि भिंतीवरच्या तक्त्यांवर जाऊन बसला. त्याच अभ्यासातला दुसरा एक आकडा मात्र मी अजून कुठल्या तक्त्यावर पाहिलेला नाही. कोण नियमित गोळ्या घेतो आणि कोण नाही, याचा डॉक्टरांचा अंदाज ४१ टक्के पेशंटच्या बाबतीत चुकला होता. नर्सचा ३० टक्के. (आम्ही जरा बऱ्या निघालो, हे मी आमच्या डॉक्टरांना अधूनमधून ऐकवते.)

हा चुकणारा अंदाज मी रोज ऐकते. "हा शिकलेला आहे, घेईल." "हिच्या मागे लागावं लागेल." "हा पिणारा, याच्यावर नवीन औषध वाया घालवू नका." माणूस दारातून आत येतो, खुर्चीत बसतो, आणि त्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या गोळ्यांचा निकाल लागलेला असतो. कपडे, बोलणं, मागच्या वेळी तारखेला आला होता की चुकवली होती, एवढ्यावर. आणि हे फक्त खोलीतल्या खोलीत होतं असं नाही. २००१मध्ये अमेरिकेच्या यूएसएआयडी या मदत संस्थेचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी जाहीरपणे म्हटलं होतं की, आफ्रिकेतल्या बऱ्याच लोकांना घड्याळाच्या वेळा कळत नाहीत, त्यामुळे ठरावीक वेळेला घ्यायची ही औषधं तिथे चालणं कठीण आहे. २००६मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. पुरेशा नियमितपणे गोळ्या घेणारे उत्तर अमेरिकेत ५५ टक्के निघाले, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ७७ टक्के. मधल्या काळात औषधावाचून जे राहिले त्यांना या हिशेबाचा काय उपयोग, हा प्रश्न वेगळा.

त्यामुळे झाकण आलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. म्हटलं, आता निदान तोंड बघून अंदाज करणं तरी थांबेल. झालं असं की अंदाज करणं थांबलं नाही, फक्त तो आता तोंडाऐवजी रंग बघून होऊ लागला.

पहिल्याच फेरीत एका बाईंच्या कॅलेंडरवर दर आठवड्याला एक हिरवा आणि सहा लाल. वर टक्केवारी १४. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, बाई दोघांकडे. मी विचारलं, तर पर्समधून त्यांनी सात कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी काढली. दर रविवारी बाटली उघडून आठवड्याच्या गोळ्या त्या डबीत भरतात आणि रोज तिच्यातून घेतात. डबी शिस्तीत, ज्या वाराला आल्या होत्या तिथवरचे कप्पे रिकामे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडणार नाही इतका कमी. आमच्या सगळ्यात नियमित पेशंटपैकी एक, आणि कॉम्प्युटरच्या मते सगळ्यात बेफिकीर.

याच्या उलट एक गृहस्थ. महिनेच्या महिने नुसते हिरवे, टक्केवारी १००, आणि व्हायरल लोड वर चाललेला. स्क्रीनवर शंभर दिसल्यावर डॉक्टरांचं डोकं थेट रेझिस्टन्सकडे गेलं. गोळ्या तर घेतोय, म्हणजे विषाणूच बदलला असणार, औषध बदलायला हवं. मी त्या गृहस्थांना माझ्या टेबलापाशी बसवलं आणि रात्रीचं सगळं क्रमाने सांगायला सांगितलं. जेवण, मग भांडी, मग दात घासणं, मग बाटली उघडणं. "आणि मग अ‍ॅसिडिटीची गोळी, ती चघळायची असते ना, ती. दोन्ही बरोबरच घेतो, म्हणजे विसरायला नको." तिथे मला सापडलं. त्यांच्या एआरटीच्या गोळीत डॉल्युटेग्राविर हे औषध आहे. अ‍ॅसिडिटीच्या गोळीतलं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम त्याला पोटातच धरून ठेवतं, रक्तात पुरेसं जाऊच देत नाही. एआरटीची गोळी अशा गोळीच्या दोन तास आधी तरी घ्यायची, नाहीतर सहा तासांनंतर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही तोच नियम, फक्त त्या जेवणाबरोबर घेतल्या तर एकत्र चालतात. विसरू नये म्हणून नेमाने दोन्ही एकत्र घेणाऱ्या माणसाचं औषध त्याच्या नेमामुळेच वाया जात होतं. वेळा बदलल्या, पुढच्या तपासणीत व्हायरल लोड खाली आला. झाकणाने यात केलं काय, तर सगळं ठीक आहे अशी खात्री दिली.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. पूर्वी डॉक्टरांचं पहिलं वाक्य असायचं, "काय म्हणताय, कसं चाललंय?" झाकण आल्यापासून ते झालं, "तेरा तारखेला काय झालं?" डॉक्टर काही वाईट नाहीत हो. समोर लाल चौकोन दिसला की डोळा तिथेच जातो, माझाही जातो. पण खुर्चीतला माणूस लगेच आवरून बसतो. तेरा तारखेला काय झालं होतं ते तो सांगत नाही, काहीतरी सांगतो. पाहुणे आले होते. प्रवासात होतो. आणि पुढच्या महिन्यात कॅलेंडर गच्च हिरवं होतं. त्यातल्या किती वेळा गोळी बाहेर आली आणि किती वेळा नुसतं झाकण उघडून बंद केलं, हे त्यालाच माहीत. शाळेच्या हजेरीपटावर 'हजर' लागलं म्हणजे पोराला धडा आला असं नसतं, तसंच हे.

अर्थात आमच्या जुन्या पद्धतीही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. उरलेल्या गोळ्या मोजायच्या म्हटलं, तर यायच्या आदल्या दिवशी त्या कचऱ्यात जातात. "किती चुकल्या?" असं विचारलं, तर उत्तर नेहमी खऱ्यापेक्षा बरं येतं, आणि विचारणारा जितका कडक तितकं जास्त बरं येतं. तारखेच्या आधीचे चार दिवस बहुतेकांच्या गोळ्या एकदम वेळेवर होतात, तेही झाकणावर स्वच्छ दिसतं. व्हायरल लोड खोटं बोलत नाही, पण तो उशिरा बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे तो एक मिलिलिटर रक्तामागे १०००च्या वर आला की गोळ्यांबद्दल नीट बसून समुपदेशन करायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. झाकणाची खरी किंमत इथे आहे. रक्तात दिसायच्या आधी, कुठल्या आठवड्यात घडी विस्कटली एवढं ते दाखवतं. नुसतं 'इथे काहीतरी झालंय' इतकंच. पुढचं माणसालाच विचारावं लागतं.

विचारायचं कसं, यावर आमच्या समुपदेशक ताईंचा हातखंडा आहे. त्या "चुकली का?" असं कधीच विचारत नाहीत. म्हणतात, "रोजची गोळी म्हटल्यावर कधीतरी राहतेच. तुमची कधी राहते?" एवढ्या एका वळणाने माणूस मोकळा होतो. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या एका ड्रायव्हरने त्यांनाच सांगितलं की, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते आणि झाकणात मात्र रात्री नऊ ही एकच वेळ भरलेली आहे. त्याचं कॅलेंडर कायम पिवळं, आणि स्क्रीन बघणाऱ्याला वाटायचं हा निष्काळजी आहे. प्रत्यक्षात तो पाळी संपली की गोळी घेत होता, एकही न चुकवता. आताच्या औषधांना चार-पाच तास इकडेतिकडे झाल्याने फारसा फरक पडत नाही.

इथे आणखी एक सांगायला हवं. ९५चा आकडा ज्या औषधांवरून आला ती औषधं आता बहुतेक ठिकाणी पहिल्या पसंतीची राहिलेली नाहीत. त्यानंतर एफाविरेन्झचा काळ आला. त्यात विषाणूतला एकच बदल औषध निकामी करायला पुरायचा, आणि वर चक्कर आणि भयंकर स्वप्नं. लोक गोळी विसरायचे नाहीत, तिला घाबरून टाळायचे. आम्ही मात्र फाइलवर 'अनियमित' लिहून मोकळ्या. २०१९पासून जागतिक आरोग्य संघटनेने डॉल्युटेग्राविर पहिल्या पसंतीचं केलं. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि हे, तिन्ही मिळून दिवसाला एक गोळी. ही गोळी एखाद-दुसरा चुकलेला डोस बऱ्यापैकी सांभाळून घेते. सलग बरेच दिवसांचा खाडा मात्र अजूनही महाग पडतो. म्हणजे महिन्यात विखुरलेले सहा लाल आणि ओळीने आलेले सहा लाल या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोपऱ्यातली टक्केवारी त्या दोन्हींना एकाच तराजूत घालते. कंपनीने ती काढूनच टाकावी.

आता त्या पीं-पीं आवाजाबद्दल. ठरलेल्या वेळी झाकण वाजतं आणि दिवा लुकलुकतो. माहितीपत्रकात हे सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणून छापलंय. घरी काहीच सांगितलेलं नाही अशा एका ताईंनी बाटली दुसऱ्याच आठवड्यात परत आणून दिली. "रोज नऊला ही ओरडते, सासूबाई विचारतात काय वाजतंय. मी काय सांगू?" आवाज बंद करता येतो, पण तो आमच्या कॉम्प्युटरवरून. झाकणावर बटण नाही. बाटली देण्याआधी आवाज बंद करा आणि ज्याला हवा असेल त्यालाच चालू करून द्या. उलटं नको.

आठवण करून देण्याने फायदा होतो की नाही, यावर केनियातले दोन अभ्यास मला फार आवडतात. एक २०१०चा, 'लॅन्सेट'मधला. पेशंटला आठवड्यातून एकदा मोबाइलवर एकच शब्द जायचा, "मांबो?" म्हणजे कसं काय. गोळीचं नावसुद्धा नाही. त्याने बरं आहे किंवा अडचण आहे एवढं कळवायचं, अडचण म्हटलं किंवा उत्तरच आलं नाही तर सिस्टर फोन करणार. नियमित गोळ्या घेणारे या गटात ६२ टक्के, मेसेज न गेलेल्यांत ५० टक्के. दुसरा अभ्यास त्याच्या पुढच्या वर्षीचा. त्यात आठवड्याला एकदा आठवण करून दिलेल्यांना फायदा झाला, रोज आठवण करून दिलेल्यांना नाही. रोज नऊला ओरडणारं झाकण बनवणाऱ्यांनी हे वाचलं असेल असं वाटत नाही.

घ्यायचं असेल तर कुणासाठी घ्यावं? जो स्वतःहून म्हणतो की मला खरंच आठवत नाही, घेतली की नाही, त्याच्यासाठी उत्तम. कुठल्या दिवशी झाकण उघडलंच नव्हतं, हे त्याला कॅलेंडरवर बघता येतं. नवीन पेशंटला पहिले काही महिने ठीक. एकदा गोळी अंगवळणी पडली की काढून घ्या. लपवून गोळ्या घेणाऱ्याला देऊ नका. गोळ्या का टाळतो हे ज्याला माहीत आहे आणि आपल्यालाही माहीत आहे, त्याला तर मुळीच नको. त्याला झाकण नकोय, त्याची अडचण सुटायला हवी आहे. अशा काहींना पुढे दोन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचा पर्याय मिळू शकेल. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिन या औषधांची ती जोडी गेल्या काही वर्षांपासून काही देशांत वापरात आहे. घेण्याआधी विक्रेत्याला एक गोष्ट जरूर विचारा: ही माहिती कुठल्या सर्व्हरवर जाते आणि कोणकोण बघू शकतं? आम्ही विचारलं तेव्हा उत्तर यायला बराच वेळ लागला. पेशंटच्या नावाऐवजी आम्ही आमचे नंबर टाकतो.

सध्या आम्ही रीडर डॉक्टरांच्या खोलीतून उचलून समुपदेशक ताईंच्या खोलीत ठेवलाय. कॅलेंडर आधी पेशंट बघतो. लाल चौकोन दिसला तर त्याच्यापुढे काय लिहायचं ते तोच सांगतो: पाळी बदलली, मुलगी आजारी होती, डबीतून घेतली, त्या दिवशी जगायचाच कंटाळा आला होता. शेवटचं कुणी बोललं की ताई बाकीचं सगळं बाजूला ठेवून त्यावरच बोलत बसतात. मी ते कागदावर उतरवते आणि कागद डॉक्टरांकडे जातो, टक्केवारीशिवाय. कंपनीला सांगितलंय की स्क्रीनवरच अशी नोंद करायला जागा द्या. पुढच्या आवृत्तीत बघतो म्हणालेत. डॉक्टरांना नवीन पद्धत आवडलेली दिसते. त्यांची तक्रार एवढीच, की माझं अक्षर वाचता येत नाही. हे डॉक्टरांनी म्हणावं!